न उचललेला भंडारा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. लग्नाआधी आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप घालील असा नवरा मिळू दे. मिळाले ते प्राथमिक शाळेतले मास्तर, आणि स्वभावाने इतके गरीब की कुलूप सोडाच, साधी कडीही त्यांनी कधी घातली नाही. एकदाच घालू पाहिली होती. तेव्हा मी ऐकलं नाही.

आम्ही नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. मी मिशनच्या इस्पितळात नर्सिंग आणि बाळंतपणं करायला शिकले. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा यांची बदली मुळशी तालुक्यात, रिह्याच्या खोऱ्यातल्या एका गावी झाली. तिथल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मला नर्सबाईची जागा मिळाली. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. पौडला एक कंपाउंडर होते, धरणावर एक मिस्त्री होते. अशी तीन कुटुंबं मिळून आमची मंडळी. दर तीन महिन्यांनी पुण्याहून पाळकसाहेब यायचे आणि आमच्या ओसरीवर प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीने भाकरी आणि द्राक्षरस सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी मन तपासायचं, हे मला वडिलांनी लहानपणीच लावलेलं वळण. आम्हा भावंडांना ओळीने बसवून ते विचारायचे: या महिन्यात कुणाशी खोटं बोललात? कुणाचा राग धरलात? कुणाचं काही न विचारता घेतलंत? जो तो आपापलं सांगायचा. विवेकभाव, म्हणजे आतला साक्षी, शुद्ध नसेल तर प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. मोठी झाले तरी ते अंगात मुरलेलं राहिलं. रागावले तर संध्याकाळच्या आत जाऊन समजूत काढायची. आणि खोटं? ते तर मेले तरी बोलायची नाही. बाळ पोटात आडवं असेल तर आडवं आहे म्हणून तोंडावर सांगायची, मग ती पाटलाची सून का असेना.

गावाला हे ठाऊक झालं होतं. ‘किरिस्तावबाई खोटं बोलत न्हाई’ असं बायका आपापसात म्हणायच्या. मी ‘पुण्याला न्या’ म्हटलं की गाडी जुंपायचे, ‘काही होत नाही’ म्हटलं की निवांत झोपायचे. मला त्याचा अभिमान होता. आता म्हणते तेवढाच नव्हता, चांगला गळ्यापर्यंत होता.

ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची पाच खोपटं होती. तिथली एक बाई माझ्याकडे लाकडं, मध, पावसात खेकडे घेऊन यायची. वय विचारलं तर म्हणायची, ‘मला काय ठावं, तुमीच बघा दात मोजून.’ आम्हा दोघींचं जमायचं, कारण दोघींचीही तोंडं सुटलेली. मी म्हणायची, ‘हे खेकडे आहेत का ढेकूण?’ ती म्हणायची, ‘ढेकणासारकंच खाता की तुमी, येवडंसं.’ मग दोघीही हसायचो. जाताना ती माझ्या हातचा गुळाचा चहा पिऊन जायची, आणि कपबशी स्वतः विसळून पालथी घालायची. मी कितीदा म्हटलं, राहू दे. ऐकायची नाही.

तिची एकुलती पोर त्या वर्षी गरोदर होती. मार्गशीर्ष लागला होता. भातं कापून झाली होती आणि पाटलाच्या खळ्यावर भाताची उडवी रचलेली होती. उडवी म्हणजे झोडणीआधी पेंढ्यांची रचून ठेवलेली मोठी गंजी. कापणीनंतर कातकरी बांधावरची उंदरांची बिळं उकरतात आणि उंदरांनी आत साठवलेलं भात काढून घेतात. बाळंतिणीला पेज करायची म्हणून ही बाईही त्या दिवशी सकाळी पाटलाचा बांध उकरत बसली होती. पाटलाने पाहिलं. बांध फोडते म्हणून तिची टोपली लाथेने उडवली. ती कसली ऐकून घेते! सगळ्या गड्यांसमोर ओरडली, ‘उंदराच्या तोंडचं काढतोस, जळो तुझं भात!’

दुपारी तिच्या पोरीच्या पोटात दुखायला लागलं आणि ती मला न्यायला आली. मी पिशवी आणि माझं एनॅमलचं तसराळं घेऊन तिच्या मागोमाग ओढा ओलांडला. ऊन डोक्यावर होतं तेव्हापासून गुरं घरी परतेपर्यंत मी त्या खोपटात होते. ती पोरीच्या पाठीशी बसली होती, तिला छातीशी धरून. एकदाही उठली नाही. पाणीसुद्धा शेजारणीने आणून दिलं. पोरगा झाला, चांगला ठणठणीत, आल्याआल्या आकांत करणारा. मी म्हटलं, ‘आजीवर गेलाय.’ ती रडत रडत हसली.

बाहेर आले तर गावाच्या अंगाने धूर. पाटलाची उडवी जळत होती.

पुढचं काय झालं असेल ते सांगायला नकोच. सकाळी ‘जळो’ म्हणाली आणि संध्याकाळी जळलं. गावाला आणखी काय पाहिजे? पोलीस पौडला. तिथवर जायची पाटलालाही इच्छा नव्हती, घरची गोष्ट घरात राहावी असं त्याचं म्हणणं. म्हणून ठरलं की शनिवारी सकाळी देवळापुढे बसायचं. तिथला रिवाज असा, की ज्याला आपलं म्हणणं खरं करायचं असेल त्याने देवापुढे तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे हळद, उचलायची आणि बोलायचं. खोटं बोललं तर देव त्याचं वाटोळं करतो. तिने तो आधीच उचलला होता. पण कातकरणीच्या भंडाऱ्याला कोण विचारतो? तिच्या बाजूने दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवा होता. खोपटात त्या दुपारी तिच्या माणसांखेरीज मी एकटीच होते.

शुक्रवारी गावचा कोतवाल निरोप घेऊन आला. भला म्हातारा माणूस. अंगणातच उभा राहून म्हणाला, ‘बाई, उद्या सकाळी देवळापुढं या. भंडारा उचला आन् म्हना, ती माज्या म्होरं व्हती. येवडंच. म्हंजी सुटली ती.’

‘येवडंच’ म्हणाला, आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, ‘आम्ही शपथ घेत नाही. होय तर होय, नाही तर नाही, त्यापलीकडे आम्हाला काही बोलायची मुभा नाही. आणि मूर्तीपुढे हळद उचलणं तर आमच्या देवाला मुळीच चालत नाही. सांगा जाऊन.’

तो म्हणाला, ‘पर बाई, तिचं घर उटतंय.’

‘गाव माझ्या शब्दावर बाळंतिणी सोपवतं ना? मग आता हळद कशाला लागते? माझा शब्द पुरत नसेल तर मी येत नाही.’

हे मी मोठ्याने बोलले. मनात आणखी एक होतं, ते त्या दिवशी मी स्वतःलाही सांगितलं नाही. माझ्या आजोबांना, ख्रिस्ती होण्याआधी, त्यांच्या गावात देवळाच्या पायरीशीही जाऊ देत नव्हते. लांब, रस्त्याच्या कडेला उभं राहून, सावली कुणावर पडणार नाही असं बघून हात जोडायचे. आणि आता त्यांच्या नातीला देवळात बोलावणं! का तर ती शिकलेली, पांढऱ्या लुगड्यातली नर्सबाई म्हणून. आता बोलावता होय? आता मीच येत नाही. असं आतून काहीतरी सुखावत होतं. मी त्याला धर्म म्हटलं.

रात्री जेवताना हे म्हणाले, ‘अगं, शपथ नको घेऊस. बरोबर आहे तुझं. पण जाऊन नुसतं सांग की. पायरीखाली उभी राहून सांग. हळद कोण तुझ्या हातात कोंबतंय?’

मी म्हटलं, ‘आणि कोंबली तर? चारचौघांत ताट झटकून येऊ? परवा प्रभुभोजन आहे, तुम्हाला काही आहे का त्याचं?’

ते म्हणाले, ‘त्याच्यासाठीच म्हणतोय.’ मी भांडी इतकी आपटली की पुढे बोलायची त्यांची छाती झाली नाही. हीच ती कडी, त्यांनी घालू पाहिलेली.

शनिवारी सकाळी मी घर सारवलं. द्राक्षरस आम्हाला कुठला मिळायला? मनुका उकळून, गाळून, गार करून करायचा. त्या मी चुलीवर चढवल्या आणि जवळ बसून ढवळत राहिले. देवळाकडून माणसांचा गलका ऐकू येत होता, मध्येच बंद होत होता. दोनदा उठून दारात गेले. दोनदा परत येऊन ढवळायला बसले. रस चांगला दाट झाला होता, अजून आठवतो.

दुपारी पाळकसाहेब आले. संध्याकाळी मी मन तपासायला बसले, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे एकेक. खोटं बोलले? नाही. शपथ घेतली? नाही. मूर्तीपुढे वाकले? नाही. सगळं झाडूनपुसून ठेवलेलं. पाळकसाहेबांना सगळी हकिगत सांगितली, तर त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी उपदेशात त्यांनी नाव न घेता माझा दाखला दिला, की आपल्यातल्या एका भगिनीने सगळ्या गावाचा रोष पत्करला पण विवेकभाव मळू दिला नाही. मी मान खाली घालून बसले होते. लाजून नव्हे, हसू दिसू नये म्हणून. हे लिहितानासुद्धा कान तापतात.

यांनी त्या रविवारी भाकरी घेतली नाही. ताट पुढे आलं तसं त्यांनी ते शांतपणे कंपाउंडरांकडे सरकवलं. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

सोमवारी बाळंतिणीला बघायचा दिवस, म्हणून पिशवी घेऊन ओढ्यापलीकडे गेले. खोपट रिकामं होतं. गावाने त्यांना शनिवारीच निघायला सांगितलं होतं. शेजारचीही माणसं दारं लावून आत बसलेली, कुणी माझ्याशी बोललं नाही. चुलीचे तीन दगड जागेवर होते आणि त्यांवर माझं तसराळं, राखेने लख्ख घासून पालथं घातलेलं. ते उचलून मी घरी आले. वाईट वाटलं, अगदी खूप वाटलं. दोन घास कमी गेले. पण माझी काही चूक आहे असं कुठे वाटलं? छे. चूक पाटलाची, गावाची, त्या हळदीची.

पुढच्या श्रावणात पाटलाची सून अडली. पहिलटकरीण, दोन दिवस कळा देत होती. पाटलाची आई माझ्या जोडीला बसली होती. मुलगी झाली, दोघी वाचल्या. म्हातारी हात धुताधुता एकदम म्हणाली, ‘बाई, तुमच्या हातानं देवानं पणती दिली. पर आमी लई वंगाळ केलं तुमच्या त्या कातकरणीचं.’

मी म्हटलं, ‘आता काय त्याचं.’

‘उडवी आमच्याच गड्याच्या इडीनं जळली. चैतात पिऊन आला तवा वकला त्यो. ल्योकाला सांगितलं, धाड मानसं, बलीव तिला. त्यो म्हनतो, कुटं शोदायची.’

मी काहीतरी चिडून बोलले, की माझ्या शब्दाची किंमत ठेवली असती, हळदीचा हट्ट धरला नसता तर ही वेळ आली नसती. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली.

‘आगं बाई,’ ती म्हणाली, ‘तुमास्नी कुनी सांगितलंच न्हाई व्हय? भंडारा नगंच म्हनला व्हता की आमी! कोतवाल येऊन बोलला, बाईच्या देवाला चालत न्हाई. तवा मी सोता म्हनलं, नसंल चालत तर ऱ्हाऊ द्या, नुसतं हितं येऊन बोलू द्या, ती बाई खोटं बोलायची न्हाई. पंच बी व्हय म्हनले. कोतवाल परत निगाला बी तुमच्याकडं.’

‘मग आला का नाही तो?’

‘तीच आडवी झाली ना. कातकरीन. म्हनली, बाईला नगा वढू. तिच्या देवाला न्हाई चालत. माज्यापायी तिला पाप नगं. हात जोडून ऱ्हायली कोतवालाम्होरं. मग पंच म्हनले, सोताच साक्ष नगं म्हंती, म्हंजी हिचंच काम.’

माझ्या हातात ओलं फडकं होतं. ते पिळायचं का टाकायचं तेच मला समजेना. मी मनुका ढवळत होते तेव्हा कोतवाल वाटेत होता. चारशे पावलं असतील देवळापासून आमच्या घरापर्यंत. आणि माझा विवेकभाव शुद्ध राहावा म्हणून ती त्याच्या वाटेत हात जोडून उभी राहिली होती. मी ज्याची राखण केली म्हणून उपदेशात दाखला झाला, ते मी राखलंच नव्हतं. तिने राखलं होतं, स्वतःचं घर देऊन.

घरी येऊन मी यांच्यापुढे बसून रडले. ‘तुम्हाला कळत होतं तर मला फरफटत का नेलं नाही?’ असं वर त्यांनाच भांडले. म्हटलं ना, स्वभाव. ते म्हणाले, ‘मी तरी कुठे गेलो? मी जाऊन म्हणू शकत होतो, माझी बायको दुपारभर तिथे होती. तुझ्या भांड्यांना भ्यालो.’ तेव्हा मला कळलं त्यांनी ताट का सरकवलं होतं.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मीही ताट सरकवलं. पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं. सगळं ऐकून म्हणाले, ‘प्रभू क्षमा करतो, ताई.’ मी म्हटलं, ‘करतो, साहेब. त्याच्याबद्दल मला शंका नाही. पण ज्याचं देणं त्याच्याकडे आधी जा, असं तोच सांगतो ना?’ पुढच्या वेळेस त्यांनी माझ्यापुढे ताट आणलंच नाही, हे त्यांनी चांगलं केलं.

चौकशी मी सोडली नाही. बाजारात, बसथांब्यावर, जिथे कातकरी दिसेल तिथे विचारायचं. कुणी म्हणे कोकणात उतरली, कुणी म्हणे कोळशाच्या भट्टीवर आहे. चौथ्या वर्षी ताम्हिणीच्या बाजूला देवीची साथ आली आणि लस टोचायला मला तिकडे पाठवलं. लॉरीतून उतरून पुढे पायी. रानात एके ठिकाणी कोळसा पाडायचं काम चाललं होतं. भट्टीवरच्या माणसांना ओळीत उभं केलं, आणि ओळीत सगळ्यात मागे ती.

केस सगळे पांढरे झाले होते, त्यावर कोळशाची पूड. मला बघून आधी पदर सारखा केला, मग म्हणाली, ‘आगं बया! बाई तुमी? लई वाळलासा.’ तिच्या मांडीला एक चारेक वर्षांचं पोर धरून उभं होतं. मी ओळखलं. मी विचारलं, ‘आणि ह्याची आई?’

‘तिला घाट चढतानाच ताप भरला,’ ती म्हणाली. ‘निगाल्यापासनं तिसरा दीस व्हता. घाटातल्या पिंपरीच्या अलीकडं मातीत ठिवली तिला.’ हवापाण्याचं बोलावं तसं बोलली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ह्याला शेळीच्या दुदावर वाडवला.’

तिसरा दिवस. मी पिशवी घेऊन ओढ्यापलीकडे गेले तो दिवस. पिशवीत औषध होतं. सूतिकेच्या तापावर काय द्यायचं, ते मला झोपेतही येत होतं.

आधी पोराला लस टोचली. तेवढं हाताला जमत होतं. मग मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. देवळापुढे मला यायला हवं होतं, आणि येता येत होतं. शपथेपायी नाही, हळदीपायी नाही, फक्त रागापायी आणि मोठेपणापायी मी आले नाही. नुसतं सांगितलं असतं तरी सुटली असतीस. मला माफ कर म्हणाले, दोनदा म्हणाले. ती लक्ष देऊन ऐकत होती. मी काय सांगतेय ते तिला कळत होतं, तरी मध्येच मान हलवत होती.

‘न्हाई, न्हाई,’ ती म्हणाली. ‘तुमच्या देवाला चालत नव्हतं ना? मग तुमी तरी काय करनार?’ मला रडताना बघून तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात, काळजीने विचारलं, ‘का मागनं रागावला त्यो तुमच्यावर? मी तर येऊ दिलं न्हवतं कुनाला.’

मी मान हलवली. नाही रागावला म्हणाले. दुसरं तिला मी काय सांगणार होते?

‘मंग झालं तर,’ ती म्हणाली, आणि पोराला कडेवर घेतलं. ‘कुनाचं तरी बरं झालं.’